भरून ठेवलेली आई

कंपनीचं चिन्ह उजळायचं आणि तिथंच थांबायचं. संगमेशनं तो बोटभर लांबीचा एमपीथ्री प्लेअर पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तेच.

चौसाळ्याच्या हायवेवरलं त्याचं कॉम्प्युटरचं दुकान दुपारी ओसच असायचं. समोरच्या बाकड्यावर म्हाळूबाबा बसले होते. मांडीवर त्यांची नात, तीन वर्षांची शेवंता. रडून रडून तिच्या गालांवर पांढरे ओघळ वाळले होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघताना तिच्या आईनं, सुनितानं, त्या प्लेअरमध्ये अंगाई भरून ठेवली होती. पोर त्या आवाजावर जेवायची, त्याच आवाजावर निजायची.

"परवापासून पोटात घास न्हाई हिच्या," म्हाळूबाबा म्हणाले. "म्या गाऊन बघितलं, तर लईच रडली. म्हनली, म्हैस नको."

संगमेशला हसू आलं, ते त्यानं गिळलं. कंपनीचा प्रोग्राम एकच वाट दाखवत होता: आतलं सगळं पुसा, नव्यानं भरा. म्हणून औरंगाबादच्या मित्रानं दिलेली लिनक्सची फुकट सीडी त्यानं लावली. त्यातल्या हत्यारांनी आधी गाणं बाहेर काढून घ्यावं, मग प्लेअरला आतून चालवणारं, बिघडलेलं फर्मवेअर बदलावं, असा बेत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी मुंग्यांसारख्या सरकत गेल्या. गाण्याची फाइल निघाली. लावली. नुसती खरखर. पुन्हा काढली. खरखरच.

"बाबा, यंत्र वाचंल. आवाज न्हाई वाचत."

"मंग वाचलं काय?"

संगमेशनं ती खरखर बंद केली. मग म्हातारेच म्हणाले, "पूस, अप्पा. गानारी जिती हाय की. पुन्यांदा भरू."

नवं फर्मवेअर चढलं. एवढीशी काच निळी उजळली. गाण्यांची यादी आली, रिकामी. संगमेशनं टोळीच्या मुकादमाचा नंबर लावला, मोबाइलचा स्पीकर मोठा केला आणि प्लेअरचं रेकॉर्डिंग चालू करून जवळ धरलं. तिकडं फडातून हाकेवर हाक गेली. मग कुणीतरी धापा टाकत आलं.

"शेवंते, म्या हाय गं. निजली न्हाईस व्हय?"

आवाज पार बसलेला. थंडीनं, धुळीनं, पाचटानं. मागून मुकादम ओरडला, "आटप गं, गाडी भरायची हाय!" सुनितानं खाकरून घसा मोकळा केला आणि गाऊ लागली:

नीज नीज माझ्या बाई, नीज आली गं रानाला,
पाखरू बी गप झालं, चोच लावून पानाला.

म्हाळूबाबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. शेवंता मोबाइलकडं टक लावून बघत होती. ओवी सरली. सुनितानं ती पुन्हा धरली, तशी शेवंतानं आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं.

"आबा, माजी आई लाव."

"अगं, लावलीया की! हीच तर तुजी माय."

"न्हाई. ही दुसरी बाई हाय."

ओवी अर्ध्यावर थांबली. तिकडून नुसते उसाच्या बुडख्यावर पडणारे कोयते ऐकू येत होते, आणि संगमेशच्या हातातला प्लेअर ते भरून घेत होता.