चाकवताचं पान

आज पान बघायचं होतं. नवी नवरी विशाखा चाकवताच्या कुंडीपुढे बसली.

मिरची-टोमॅटोचा विषाणू माणसांच्या कातड्यात मुरायला आणि त्यांच्या नुसत्या स्पर्शानं रोपं मरायला लागल्यापासून मळेवाल्यांच्या घरात ही रीतच झाली होती. सून आली की माप ओलांडण्याआधी तिनं चाकवताच्या पानावर बोट घासायचं. अंगात विषाणू असला, तर चौथ्या दिवशी पानावर पिवळे ठिपके उठत. मग तिला त्याच दिवशी माहेरी धाडत. या गावात तीन वर्षांत आलेल्या दोन्ही सुना अशाच परत गेल्या होत्या.

विशाखानं पान उचललं. ठिपके होते.

पण तिनं बोट घासलं होतं ते पानाच्या टोकाला, आणि टोक हिरवंगार होतं. ठिपके देठापाशी होते. तिथे त्या वेळी सासूबाईंनी, गोदाक्कांनी, पान अंगठ्यानं दाबून धरलं होतं. गावातल्या प्रत्येक सुनेचं पान त्याच धरायच्या. परत गेलेल्या त्या दोघींचंही.

"काय गं, आलं का काही?" गोदाक्का शेडमधून आल्या. गावाला वाटायची टोमॅटोची रोपं त्या सकाळपासून लावत होत्या. हात मातीनं भरले होते.

विशाखानं ठिपक्यांकडे बोट दाखवलं. गोदाक्कांनी सवयीनं पान अंगठ्यानं धरलं. सगळे ठिपके बरोबर त्याखाली झाकले गेले. त्यांनी अंगठा उचलून ठिपके पाहिले आणि तो परत तिथेच टेकवला.

फाटकातून शेजारणी पान बघायला आत आल्या.

"पान स्वच्छ आहे," गोदाक्का म्हणाल्या, आणि अंगठा काही उचलला नाही.