इंजिनावरचा नंबर

बेचाळीसच्या भादव्यात तारेचे खांब पाडून पळालेल्यांची मोटारसायकल देऊळघाटजवळच्या नाल्यात सापडली. फ्रेमवरचा नंबर कुणीतरी कानशीनं घासून टाकला होता. इंजिनावरचा वाचायला फौजदारांनी मिस्त्री इंद्रभानला ठाण्यात बोलावलं.

इंद्रभाननं रॉकेलच्या चिंधीनं चिखल पुसला आणि नंबर पाहताच त्याला ओळख पटली. हे इंजिन त्यानंच जालन्याहून आणून भगवानराव डॉक्टरांच्या मोटारसायकलीत बसवलं होतं. त्याच्या लेकीला, कौशल्येला, मरणाच्या दारातून परत आणणारे ते डॉक्टर!

"सात, एक, चार, शून्य..." तो वाचू लागला. शेवटचा आकडा तीन होता. "अन् आठ हाये, साहेब."

फौजदारांनी खिशातून चिठ्ठी काढली. "सकाळी चिखल पुसून मी स्वतः वाचलाय, अन् मग पुन्हा माखून ठेवलाय. शेवटी तीन आहे."

"मले आताशा बारीक दिसत नाही, साहेब."

"या नंबरची नोंद आमच्या रजिस्टरात कुठंच नाही. तू खरं वाचलं असतंस, तर मी हात चोळत बसलो असतो." फौजदारांनी दाराला कडी घातली. "आता ज्याच्यासाठी खोटं बोललास, त्याचं नाव सांग."