पुढची सीट

प्रागहून व्हिएन्नाला निघालेल्या शटल व्हॅनमधून मी अब्बांना व्हिडिओ कॉल केला. कोल्हापूर ते पेठ वडगाव वडापची गाडी चालवण्यात हयात गेलेल्या अब्बांनी माझ्याआधी मागच्या रिकाम्या सीटा बघितल्या.

"तीनच पावणं? आन् सुटली बी?"

"वेळ झाली की सुटते, अब्बा."

"ह्याला काय धंदा म्हणत्यात व्हय? भरल्याबिगर गाडी हलवायची न्हाय, सदफ. मागनं येणाऱ्याची वाट बघायची असती. तू कवा येतीस? पुढची सीट धरून ठेवलीया तुझी."

"बघू," मी हसून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. आमच्यात माती लांबवत नाहीत, कुणासाठीच. मी कोल्हापुरात पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. त्यांची गाडी तेवढी दारात उभी होती.

मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. शेजारच्या त्यांच्या रिकाम्या जागेकडे बघत, आजवर त्यांना कधीच न म्हटलेलं मोठ्यानं म्हणाले,



"थांबा की अब्बा, मी यायची हाय अजून."