पाळीबदल

संपाचा एकेचाळिसावा दिवस, तरी वीजकेंद्राची चिमणी धूर ओकतच होती. दोन वर्षांपूर्वी वारलेले ऑपरेटर ढाबेकर यांच्या मेंदूची नक्कल यंत्रात उतरवून कंपनीने संपाच्या पहिल्याच दिवशी कंट्रोल रूम तिच्या हवाली केली होती. संपाची पुढारी कौसल्या मेश्राम हिने गेटवरचा फोन उचलला.

"ढाबेकरकाका, संप आहे. तुम्हीही काम थांबवा."

"कौसल्या?" तोच खरखरीत आवाज आला. "पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे मीच तुला शिकवलं ना? पण पोरी, एकेचाळीस दिवस झाले. घरी वाट बघत असतील. मला सोडवायला कोणीच कसं येत नाही?"

मागे गेटवर घोषणा उठली, "एकही माणूस आत जाणार नाही!"

"येईल, काका," कौसल्या म्हणाली. फोन ठेवून तिनेही मूठ वर केली.