पुसलेला क्रमांक

नेपियर टाउनमधल्या ऑफिसात मागे कोचिंग क्लासचं ॲप ऐन परीक्षेत बंद पडलं, तेव्हा गंधारने आपली चूक बिनदिक्कत शेजारी बसणाऱ्या प्रणालीच्या माथी मारली. प्रणालीची नोकरी गेली. तिची मैत्रीण क्षमा दात-ओठ खात राहिली, आणि पुढे गेटवेवर, म्हणजे ॲपच्या प्रवेशदारावर, ट्रेसिंग बसवायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं. गेटवेतून आत येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला आता क्रमांक लागणार होता, आणि ती कोणाच्या सर्व्हिसमध्ये, म्हणजे ॲपच्या कोणी सांभाळलेल्या भागात, किती वेळ रेंगाळली ते पडद्यावर दिसणार होतं.

"माझ्याकडचंही दिसेल काय?" गंधारने विचारलं.

"दिसेल ना भैया. आपल्या कोडमध्ये क्रमांक पुसला तरच नाही दिसणार. एका ओळीचं तर काम आहे," क्षमा भोळ्या चेहऱ्याने बोलून गेली.

आठवडाभरात ॲप पुन्हा रखडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर ट्रेसिंगचा पडदा उघडला. प्रत्येकाच्या सर्व्हिसची वेळ दाखवणारी पट्टी जागेवर होती, गंधारची तेवढी गायब.

"क्रमांक काहून पुसला, गंधार? काय लपवून राहिला तू?" साहेब कडाडले. संध्याकाळच्या आत त्याचा लॅपटॉप जमा झाला.

क्षमा आपल्या जागेवर आली, आणि गेटवेवर स्वतःच लावून ठेवलेला, क्रमांक लागण्याआधीच रिक्वेस्ट रखडवणारा अडसर तिने शांतपणे काढून टाकला. गंधारने क्रमांक पुसला नसता, तर त्याच्याकडे काहीच अडलं नव्हतं, हे पडद्यानेच साऱ्या ऑफिसला दाखवलं असतं.