ऊस की तळं

बावन्न सालच्या उन्हाळ्यात बावड्याकडच्या एका गावाला कालव्याच्या पाण्याची एकच पाळी मिळणार होती. तिच्यातून पिण्याचं तळं भरायचं, की ऊस भिजवायचा?

"ऊस वाळला तर माझ्या रामहरीला पोरगी कोण देईल? बायका आणतील की नदीवरनं पाणी," म्हणत महिपतरावांनी चावडीत पंचांचं मन वळवलं.

वैशाखात पाहुणे घर बघायला आले. महिपतरावांच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ऊस झकास हाय, महिपतराव," मुलीचा बाप म्हणाला. "पण ह्या वैनी भर उन्हात हंडा घेऊन चढ चढताना दिसल्या. आमी हितं पोर देणार न्हाय."



मुक्ताबाईला तिचे आबा आठवले. तिला ह्या घरात देताना त्यांनी ऊसच तेवढा बघितला होता.