पहिल्या दहावीतल्या दोघी

“एवढ्या पोरांत माझी पोर एकटी बसणार न्हाई,” हौसाचे वडील हेडमास्तरांच्या ओसरीवर उभे राहून म्हणाले. गावच्या हायस्कुलात त्या वर्षी पहिल्यांदाच दहावीचा वर्ग निघाला होता, आणि नववी पास झालेली मुलगी ती एकच होती.

हेडमास्तर काही बोलायच्या आत त्यांच्या पत्नी वत्सलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. “मी बसते तिच्याशेजारी. नववीनंतर माझं लग्न झालं, अन् शाळा सुटली.”

वर्षभर दोघी एका बाकावर बसल्या. घरचं आवरताना बाईंना उशीर झाला, की हेडमास्तर त्यांनाही वर्गाच्या दारात उभं करत. मग हौसाही गालांत हसत त्यांच्याशेजारी उभी राही.

निकालात हौसा पास झाली, बाईंचं गणित राहिलं. “मी तर तुझ्यासाठीच बसले होते गं,” म्हणत त्यांनी हौसाला पेढा भरवला, पण स्वतः मात्र पेढा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा गणिताचं पुस्तक घेऊन त्यांच्या दारात आली. सोबत वडील होते.

“म्हैनाभरानं ही तालुक्याला कॉलेजात जाणार,” ते म्हणाले. “तवर गणित शिकून घ्या, बाई.”